संगणकीय आरेखनाच्या आज्ञावलीतील एककांचा प्रश्न : भिवपुरी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

भिवपुरी रोड स्थानकाच्या एका बाजूस नेरळ, दुसऱ्या बाजूस कर्जत. नेरळहून माथेरानला जाणारी, १९०७ साली सुरू झालेली रेल्वे दोन फुटी आहे. दोन रुळांमधील हे अंतर काटेकोरपणे ६०९.६ मिलिमीटर भरते. लिहिताना मात्र ६१० लिहिले जाते. रुळांवर ही तफावत कुणाला जाणवत नाही. ऑटोकॅडसाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र यांपैकी कोणता आकडा ग्राह्य धरायचा हे आधी ठरवावे लागते, आणि आपल्या अध्यापनात नेमका हाच निर्णय वगळला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ऑटोलिस्प शिकविताना एककांचा विषय बहुधा २५.४ ने गुणणे वा भागणे एवढ्यावर आटोपतो. गुणाकार बरोबरच असतो. चूक अन्यत्र आहे. आरेखनातील संख्येला स्वतःचे एकक नसते. 'इन्सयुनिट्स' या चलाचे मूल्य १ असल्यास इंच, ४ असल्यास मिलिमीटर, असा संकेत आहे. परंतु हे मूल्य बदलल्याने आधी काढलेली एकही रेषा लांब वा आखूड होत नाही. बाहेरून आणलेला ब्लॉक कोणत्या प्रमाणात बसवावा, एवढेच मुख्यतः ते सांगते. 'मेझरमेंट'चा संबंध तर हॅच आणि रेषाप्रकारांच्या फायलींशी आहे. त्याहून फसवे आहे ते 'गेटडिस्ट'. फूट-इंचांची पद्धत चालू असताना वापरकर्त्याने नऊ फूट लिहिले की आज्ञावलीच्या हाती १०८ ही निव्वळ संख्या पडते. 'इंच' वाटेतच गळतो. पुढची ओळ मिलिमीटर गृहीत धरून लिहिलेली असेल, तर नऊ फुटांची भिंत वीतभरही उरत नाही, आणि संगणक तक्रार करीत नाही. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर गमावले गेले ते पौंड-बल आणि न्यूटन यांतील अशाच मूक गल्लतीमुळे.

बांधकामाच्या जागी प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. गवंडी नऊ इंची भिंत म्हणतो, आरेखक २३० लिहितो, २२८.६ कुणीच लिहीत नाही. चार सुताची सळई म्हणजे गणिताने १२.७ मिलिमीटर, बाजारात १२. म्हणजे येथे रूपांतर नसून व्यवहाराने ठरलेली जोडी आहे. जी आज्ञावली केवळ गुणाकार करते ती अचूक असूनही निरुपयोगी ठरते. तिला अशा मान्य जोड्यांचा तक्ता पुरवावा लागतो.

जमिनीच्या बाबतीत उलटे घडते. कर्जत तालुक्यात जागेचा भाव गुंठ्यावर किंवा चौरस फुटावर बोलला जातो, तर सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. बोलण्यात दोन्ही सर्रास एकच मानले जातात. चाळीस गुंठ्यांच्या एकराला ४० आर धरले तर सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांहून अधिक जागा, कागदावरून नाहीशी होते. मीटरचे ३.२८ फूट धरणाऱ्या आज्ञावलीत हाच एकर सुमारे २२ चौरस फुटांनी घटतो. भिंतीत चालणारी सोय येथे चालत नाही.

वजने व मापे यांचा मेट्रिक कायदा १९५६ चा आहे, तेव्हा फूट-इंच शिकवूच नयेत, असा आक्षेप काही सहकारी घेतात. तो तत्त्वतः मान्य करावा. पण विद्यार्थ्यापुढे येणारा ग्राहक गुंठ्यातच बोलणार आहे. ऑटोलिस्पमधील 'सीव्हीयुनिट' ज्या फायलीतून एकके वाचते ती साध्या मजकुराची असून तीत गुंठ्याची व्याख्या जोडता येते. हे काम प्रात्यक्षिकाच्या एका तासात होण्यासारखे आहे. त्याच तासात प्रत्येक प्रश्नओळीत अपेक्षित एकक लिहिण्याची आणि मूल्य हाती येताच ते मिलिमीटरमध्ये आणण्याची सक्तीही करता येईल.