गिलानुपट्ठाक : ध्यान आणि शुश्रूषा

ध्यान स्वतःसाठी आणि सेवा दुसऱ्यासाठी, अशी वाटणी आपल्या लेखनात वारंवार केली जाते. पाली वाङ्मय तपासले असता ही वाटणी टिकत नाही, असे आमचे मत आहे.

विनयपिटकाच्या महावग्गातील चीवरक्खंधकात, पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूची कथा येते. भगवंतांनी आनंदांसह त्याला स्नान घालून मंचकावर निजविले. बहुतेक भाष्यकार येथे तथागतांची करुणा वर्णून थांबतात. परंतु त्या भिक्खूचे उत्तर अधिक विचारार्ह आहे. आपण इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी आपली सेवा करीत नाही, असे तो सांगतो. उपयुक्ततेवर बेतलेले नाते आजारपणात तुटते, ते असे. भगवंत यावर केवळ उपदेश करीत नाहीत. उपाध्याय, आचार्य, शिष्य आणि यांपैकी कोणीच नसल्यास संघ, अशी जबाबदारी नेमून देतात व ती टाळणे दुक्कट ठरवितात.

तेथेच उत्तम परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत: औषध सिद्ध करण्याचे सामर्थ्य, पथ्यापथ्याची जाण, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा, मलमूत्र उचलताना किळस न वाटणे आणि धम्मकथेने रुग्णास धीर देणे. पहिले दोन कौशल्याचे आहेत. पुढचे दोन चित्ताच्या घडणीचे, आणि ही घडण ध्यानाभ्यासावाचून होत नाही. संयुत्तनिकायातील सेदक सुत्त वेळूवर कसरत करणाऱ्या गुरुशिष्यांच्या दृष्टान्ताने हेच सांगते: सतीच्या अभ्यासाने स्वतःस जपणारा दुसऱ्यास जपतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व अनुकंपेने दुसऱ्यास जपणारा स्वतःस. बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात शोकाला करुणेचा निकटचा शत्रू म्हटले, त्याचा आशयही हाच. रुग्णाबरोबर खचणारा परिचारक त्याला आधार देऊ शकत नाही.

मात्र परिचारिकांना शिकविले जाणारे ध्यान जेव्हा अपुऱ्या मनुष्यबळाचा शीण निमूटपणे सोसण्याचे साधन बनते, तेव्हा विनयाचा अर्धाच भाग स्वीकारला जातो. चित्त परिचारकाने घडवावयाचे असते. व्यवस्था संघाने उभी करावयाची असते.

पूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्रीची आवश्यकता सांगितली आहे. आपल्या विहारांतून ध्यानशिबिरे भरतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाकडे पाळीपाळीने जाण्याची व्यवस्था किती विहारांनी केली आहे? त्या ध्यानाची खरी परीक्षा तेथेच होणार आहे.