‘अ‍ॅजेलास्ट’ : अभाव आणि वैर

हास्याचा ज्यास स्पर्शही होत नाही अशा गंभीर मनुष्यासाठी इंग्रजीत ‘अ‍ॅजेलास्ट’ हा आता क्वचितच आढळणारा शब्द आहे. त्याचे मूळ ग्रीक ‘अगेलास्तोस’ हे विशेषण होय. ‘गेलान्’ म्हणजे हसणे. आरंभीचा ‘अ’ हा संस्कृत ‘अरसिक’मधील नकारार्थी ‘अ’चा सगोत्र. हा उपसर्ग मूलतः अभाव सांगतो, वैर सांगत नाही. समीक्षेत या शब्दाचा वापर तपासताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

होमरच्या नावावर असलेल्या देमेतेर-स्तोत्रात कन्यावियोगाने व्याकुळ झालेल्या देवीस हे विशेषण लाविले आहे; पुढे इआंबीच्या थट्टेने ती हसते. येथे न हसणे ही शोकाची अवस्था असून ती सरणारी आहे. रोमन परंपरेत, आयुष्यात एकदाच हसला असे ज्याच्याविषयी सांगत, त्या मार्कस क्रासुसला हे नाव मिळाले. अवस्थेचा स्वभाव झाला. राबलेने ‘चौथ्या ग्रंथा’च्या १५५२ मधील अर्पणपत्रात आपल्या निंदकांना नरभक्षक व मानवद्वेष्टे यांच्या पंक्तीस बसवून हाच शब्द योजिला; स्वभावाचा अपराध झाला.

जॉर्ज मेरेडिथने १८७७ च्या विनोदविषयक व्याख्यानात न हसणारा, हास्याचा द्वेष करणारा आणि अतिरेकी हसणारा असे तीन वर्ग केले. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत एकच पाऊल आहे, असे तो म्हणतो. तथापि ते पाऊल त्याने मोजले, ही त्याच्या विवेचनाची जमेची बाजू होय. मिलान कुंदेराच्या १९८५ च्या जेरुसलेम येथील भाषणात मात्र ते अंतर उरत नाही. त्याचा ‘अ‍ॅजेलास्ट’ सत्य उघड आहे असे मानणारा, आणि म्हणून कादंबरीकाराशी ज्याचा समेट अशक्य असा प्रतिपक्षी आहे.

दुराग्रहाविरुद्धची कुंदेराची भूमिका निःसंशय मोलाची आहे. परंतु तिच्यासाठी त्याने निवडलेला शब्द तिला पुरता पेलत नाही. शोकमग्न देमेतेर कोणत्याही सत्याचा मक्ता सांगत नव्हती. संदिग्धतेचा कैवार घेणाऱ्या समीक्षेने न हसणाऱ्या प्रत्येकाच्या मौनाचा एकच अर्थ लावावा, ही त्या भूमिकेतीलच विसंगती ठरते. द्वेष्ट्यासाठी मेरेडिथने वेगळी संज्ञा दिलेली आहे. तिचा उपयोग केल्यास कुंदेराचा युक्तिवाद दुबळा न होता नेमका होईल.