अकरा झाडं आणि नेबामूनचं तळं

सहावीत असताना चित्राला विषय होता, 'आमच्या गावचं तळं'. मी मधोमध चौकोनी तळं काढलं. आत मासे काढले आणि चारही काठांवर झाडं. वरच्या काठाची उभी, खालच्या काठाची उलटी, दोन्ही बाजूंची आडवी. चित्रकलेच्या सरांनी वही उंच धरून वर्गाला दाखवली. "झाडं झोपलीत का रे?" सगळे हसले. दहापैकी तीन मार्क.

गाव मुरबाड तालुक्यातलं. एप्रिल आला की तळ्याचा चिखल व्हायचा. माझ्या चित्रात मात्र ते काठोकाठ भरलेलं होतं.

बऱ्याच वर्षांनी, कल्याणहून मुरबाडला येणाऱ्या एसटीत, फोनवर एक चित्र समोर आलं. मधोमध चौकोनी तळं, आत मासे, बदकं, कमळं. भोवती खजूर आणि अंजिराच्या जातीची झाडं, आणि एका बाजूची झाडं चक्क आडवी! हे चित्र नेबामूनच्या कबरीतलं. इ.स.पू. १३५०च्या सुमाराचं, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. नेबामून हा थीब्जमध्ये अमुन देवाच्या मंदिरातल्या धान्याचा हिशेब ठेवणारा कारकून होता.

इजिप्तची चित्रं आपल्याला माहीत असतात ती बहुतेक रील्समधून. एक हात पुढे, एक मागे, मान वळवून तिरकं चालायचं. त्यामागचा समज असा, की त्या लोकांना नीट काढता येत नव्हतं. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. असा माणूस कुठे दिसतो?

पण त्याच नेबामूनच्या मेजवानीच्या चित्रात खाली बसलेल्या वादक बायका आहेत. त्यातल्या दोघींचे चेहरे थेट आपल्याकडे वळलेले आहेत आणि तळपायही दिसतात. म्हणजे काढता येत होतं. मग नेबामूनला तसं का काढलं नाही?

याचं उत्तर मला शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे एका वारली पाड्यावर मिळालं. मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. घराच्या आतल्या, कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून सवाशिणी देवचौक काढत होत्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, हातात बांबूची काडी. चौकोनाच्या मधोमध पालघट देवी, सगळ्यांत मोठी. भोवती माणसं, झाडं, प्राणी, सगळी लहान. त्या जागी इतका अंधार होता, की मी फोनचा टॉर्च लावला.

"काकी, इथे अंधारात कुणाला दिसणार?" मी मित्राच्या काकीला विचारलं.

"दिसाया कुठं लिहितोय? देवी यावी म्हणून लिहितोय."

लिहितोय. वारली लोक चौक 'लिहितात'. प्राचीन इजिप्तच्या भाषेतही चित्रकाराला जो शब्द होता, त्याचा अर्थ 'आकृत्यांचा लेखक' असा होतो. तेव्हापासून मी अशा चित्राला पहिला प्रश्न 'हे कसं दिसतं?' असा विचारत नाही. 'हे कोणतं काम करतं?' असा विचारतो.

नेबामूनचं तळं मेल्यानंतर त्याला पाणी, सावली आणि फळं मिळावीत म्हणून आहे. आपण काठावर उभं राहून दिसतं तसं काढलं, तर पुढचं झाड मागच्याला झाकेल आणि मेलेल्या माणसाच्या वाट्याला अर्धंच झाड येईल. म्हणून तळं वरून, मासे बाजूने, झाडं त्यांच्या-त्यांच्या काठावरून. प्रत्येक वस्तू जिथून पूर्ण कळते तिथून काढलेली. शरीराचंही तेच. वादक बायकांना ही सक्ती नव्हती, कारण कबर त्यांची नव्हती. शिकारीच्या चित्रात नेबामून प्रचंड आहे, बायको लहान, मुलगी त्याहून लहान. हा आकार अंतराचा नाही, मानाचा आहे.

चित्र काम करतं यावर त्या लोकांचा किती विश्वास होता, याचा पुरावा त्याच भिंतींवर आहे. पुढे अखेनातेन राजाने अमुनची पूजा बंद पाडली, तेव्हा नेबामूनच्या नावातला 'अमुन' तेवढा खरवडून काढला गेला. नुसत्या सजावटीवर कुणी इतकी मेहनत घेत नाही.

दोन्ही चित्रं एकच आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. इजिप्तचा चित्रकार पगारी कारागीर होता. लाल रेघांची चौकट आखून, ठरलेल्या मापात तो माणूस बसवायचा, आणि काम कायम टिकावं म्हणून करायचा. चौक लग्नापुरता असतो. पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा ती भिंत सारवून कोरी झाली होती. मला हळहळ वाटली, काकींना नाही. लग्न लागलं होतं, चौकाचं काम झालं होतं.

नेबामूनच्या भिंतीचे तुकडे १८२०मध्ये करवतीने आणि पहारीने काढले गेले. त्यातले अकरा ब्रिटिश म्युझियमकडे आहेत आणि कबर नेमकी कुठे होती हे आज कुणाला ठाऊक नाही. काचेमागे गेल्यावर भिंतीचं 'चित्र' झालं, आणि आपण त्याला सरांसारखे मार्क देऊ लागलो. शहापूर-मुरबाडच्या शाळांच्या कंपाउंडवर रंगवलेल्या वारली आकृत्यांपुढे उभा राहिलो, की मला हेच वाटतं. त्रिकोण बरोबर असतात. त्यांच्याकडून कोणतं काम व्हावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

सरांवर आता राग नाही. त्यांना एकाच जागी उभं राहून बघायला शिकवलं होतं, तेच त्यांनी आम्हाला शिकवलं. ती वही कधीच हरवली. पण तळ्याकाठी झाडं किती होती, हे मी आजही सांगू शकतो. अकरा. एकही दुसऱ्याच्या मागे लपलेलं नव्हतं.