पेब्रीनचे कूळ कोणते?

भंडारा जिल्ह्यात ऐन-अर्जुनावर टसरच्या अळ्या पाळणाऱ्यांना पेब्रीन हा घातक रोग ठाऊक असतो. तो ‘नोसेमा’ या सूक्ष्म परजीवीमुळे होतो. काही पुस्तिका त्याला अजूनही आदिजीव म्हणतात. नुसत्या नावाबद्दल आम्ही हटून बसलो नसतो. पण ते का बदलले हे मुलांना कुठेच वाचायला मिळत नाही, हा आमचा आक्षेप आहे.

१९८७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएवरून ‘नोसेमा’चा गट दृश्यकेंद्रकी जीवांच्या वंशवृक्षात अगदी बुंध्याशी बसवला गेला. १९९६ मध्ये ट्युब्युलिनच्या जनुककुलाने तो कवकांजवळ नेला. बीजाणूच्या भित्तिकेत कायटिन असते, हेही त्याच्याशी जुळते. मग आधी चूक कशी झाली? परजीवीचा आरएनए झपाट्याने बदलला होता, आणि फार बदललेले ते फार जुने असा भास झाला. जनुककुलांतही फसगत होते. अल्फा आणि बीटा ट्युब्युलिन एकाच पूर्वज जनुकाच्या दुणावण्यातून आली. एका जीवाचे अल्फा दुसऱ्याच्या बीटाशी ताडले तर त्या जीवांचे नाते कळत नाही, जनुकांच्या फाटाफुटीचाच काळ कळतो. वर्गात तक्ता टांगण्यापूर्वी शिक्षकांनी एवढे तरी सांगावे.

मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगट अंडी टाकून देण्याची पाश्चरची १८६० च्या दशकातली रीत मात्र, कूळ बदलले तरी, टसरपालनात आजही तीच आहे.