उंदरांवरचा प्रयोग आणि गावातला मुलगा
केमोथेरपीपासून पुरुषांची जननक्षमता वाचवणाऱ्या वनस्पती-अर्कांवरचे लेख आम्ही वाचतो. प्रयोग बहुधा उंदरांवरचे असतात. माणसांत असा एकही अर्क सिद्ध झालेला नाही, हे वाक्य मात्र लेखातून गळते. आमची हरकत त्याला आहे.

सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे झपाट्याने विभाजन होणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशींबरोबर शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. त्यांतल्या मूळ पेशीच संपल्या, तर वंध्यत्व कायमचे राहू शकते. वयात आलेल्यांसाठी आजमावलेला उपाय म्हणजे उपचारापूर्वी वीर्य गोठवून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला ठेवणे.

सास्तूरहून बार्शीला किंवा मुंबईला उपचारांसाठी निघालेल्या दहावीतल्या मुलाला हे पहिल्या डोसाआधी कळायला हवे. पेशीविभाजनाचा धडा शिकवताना आपण एवढे नक्की सांगू शकतो.