बालशैक्षणिक दूरचित्रवाणी आणि वंचित बालक : एक चिकित्सा

वंचित वस्त्यांतील बालकांना शाळापूर्व शिक्षण दूरचित्रवाणीद्वारे देता येईल काय, या प्रश्नाच्या चर्चेत ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकन मालिकेचा दाखला हमखास दिला जातो. आपली चर्चासत्रेही त्यास अपवाद नाहीत. १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या मालिकेचा हेतूच मुळी गरीब व सुस्थित घरांतील मुलांमधील शाळाप्रवेशापूर्वीची दरी कमी करणे हा होता. १९७० च्या पहिल्या मूल्यमापनात, मालिका अधिक पाहणाऱ्या मुलांची अक्षरओळख व अंकज्ञान यांतील प्रगती अधिक असल्याचे आढळले. दाखला बहुधा येथेच थांबतो.

टॉमस कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हीच सामग्री पुन्हा तपासली. पाहणीतील काही कुटुंबांना संशोधक मंडळी घरी जाऊन मालिका पाहण्यास उत्तेजन देत होती. ते उत्तेजन वगळले तर उरणारा परिणाम बराच मर्यादित होता. शिवाय सुस्थित घरांतील मुलेही तीच मालिका पाहत असल्याने दरी मिटण्याऐवजी रुंदावेल, अशी रास्त शंका त्यांनी उपस्थित केली. सरासरी वाढणे आणि दरी मिटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद आपल्याकडील लेखनात क्वचितच पाळला जातो.

मात्र कुक यांच्यापाशी थांबणेही न्याय्य नव्हे. मेलिसा कर्नी व फिलिप लेव्हिन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रक्षेपण नीट पोहोचणाऱ्या व न पोहोचणाऱ्या भागांची तुलना केली. प्रक्षेपण पोहोचलेल्या भागांत वयानुरूप इयत्तेत असलेल्या मुलांचे प्रमाण वाढले आणि आर्थिकदृष्ट्या मागास भागांत हा लाभ विशेष होता. प्रौढपणीच्या परिणामांबाबत मात्र तितका निर्णायक पुरावा मिळाला नाही. येथे घरोघरी जाणारे संशोधक नव्हते; म्हणून कुक यांची शंका काही अंशी सैल होते, हे मान्य केले पाहिजे.

तरीही हा निष्कर्ष जसाच्या तसा भारतात आणता येत नाही. त्या काळी अमेरिकेतील बहुतांश घरांत, गरिबांच्याही, संच होता. आपल्याकडे १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवावे लागले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत आणि मुले ते एकत्र बसून पाहत. याउलट ‘गली गली सिम सिम’ ही मालिका २००६ मध्ये प्रथम पोगो व कार्टून नेटवर्क या सशुल्क वाहिन्यांवर आली, दूरदर्शनवर त्यानंतर. गणवेशातील, शाळेची ओढ असलेली चमकी ही व्यक्तिरेखा निःसंशय मोलाची. परंतु ती आधी कोणाच्या घरी गेली? भाषाही हिंदी. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला ती भाषाच आधी शिकावी लागेल.

२०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर आलेली ‘टिलीमिली’ मराठीत होती आणि मोफत होती. तिचे मूल्यमापन करतानाही केवळ प्रेक्षकसंख्या मोजून भागणार नाही. संच नसलेल्या घरातील मूल त्या तासाला कोठे होते आणि संच असलेल्या घरात त्याच्याशेजारी कोण बसले होते, ही नोंद अंगणवाडी व शाळेच्या पातळीवर घ्यावी लागेल.