प्रवासवर्णन आणि घरचा प्रश्न

परदेशच्या राजधानीविषयीं लिहिणाऱ्या मराठी प्रवाशाची एक ठराविक रीत होऊन बसली आहे. विमानतळ, मुख्य चौक, प्रार्थनामंदिर, बाजारांतील खरेदी आणि शेवटीं निरोपाची हुरहुर हा क्रम एकदां बसला म्हणजे शहराचें नांव बदललें तरी लेख बदलत नाहीं. दक्षिण अमेरिका तर आपणांस फार दूरची. मीना प्रभू यांच्या ‘दक्षिणरंग’ या पुस्तकानें ती मराठी घरांत आणली, हें त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु त्यांच्यामागून जाणाऱ्यांनीं काय लिहावें हा प्रश्न उरतोच. तो आम्ही पेरू देशाची राजधानी लिमा हिच्या निमित्तानें येथें विचारास घेतों.

लिमा शहर पिझारो या स्पॅनिश सेनानीनें १५३५ सालीं वसविलें. तेथील चौक आणि १५५१ सालीं स्थापन झालेलें सान मार्कोस विश्वविद्यालय हीं पाहण्याजोगीं खरीं. पण त्यांची माहिती कोणत्याहि मार्गदर्शिकेंत सांपडते. आमच्या सातारा-सांगलीकडील माणसानें विचारावें तें निराळेंच. या शहरांत हिवाळाभर समुद्रावरचें धुकें दाटतें, परंतु वर्षाकांठीं अर्धा इंच पाऊस पडणेंहि कठीण. असें असतां सुमारें एक कोटि माणसें तेथें राहतात. मग पाणी येतें कोठून? महाबळेश्वरीं मुसळधार, तर त्याच जिल्ह्यांत माण तालुका कोरडा. कृष्णाकांठीं ऊंस, तर त्याच सांगली जिल्ह्यांत जतला टँकर, हें पाहण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्या मनांत हा प्रश्न पहिल्याच सायंकाळीं उभा राहावयास हवा.

आणि उत्तर मिळतें तेंहि ओळखीचें. रिमाक नदी अँडीज पर्वतांतून लिमाकडे उतरते. परंतु तिचें पाणी पुरेना, म्हणून पर्वतापलीकडे अटलांटिक महासागरास जाणारें पाणी बोगद्यांतून अलीकडे वळविलें आहे. कोयनेची कथा अशीच नव्हे काय? कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरास जाणारें तें पाणी सह्याद्रींतील बोगद्यांतून पश्चिमेस उतरविलें. आपल्याकडे विजेसाठीं, त्यांच्याकडे तहानेसाठीं, इतकाच भेद. लिमाभोंवतालच्या उघड्या टेकड्यांवर गरिबांच्या वस्त्या आहेत. जेथें नळ पोंचला नाहीं तेथें टँकर येतो, आणि नळवाल्या श्रीमंताहून या गरिबास पाणी कितीतरी महाग पडतें. कांहीं ठिकाणीं उंच जाळीं ताणून धुक्यांतील थेंब गोळा करतात. तीं जाळीं पाहून जतचा माणूस जें लिहील, तें दुसऱ्या कोणास सुचणें अवघड.

स्वयंपाकघराचेंहि तेंच. एकादशीच्या फराळांतील बटाटा, भुईमूग, आणि आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हीं सर्व मूळचीं दक्षिण अमेरिकेचीं. लिमाच्या लार्को संग्रहालयांत बटाट्याच्या आकाराचीं प्राचीन मृत्पात्रें आहेत. त्यांच्यापुढें उभें राहून ज्यास घरचा उपवास आठवत नाहीं, त्यानें तीं नुसतीं पाहिलीं एवढेंच म्हणावें लागेल.

यावर कोणी म्हणेल, प्रवास घर विसरण्यासाठींच करावयाचा. पदोपदीं घर आठवणारा मनुष्य संकुचित होय. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परक्या ताटावर बसून पुरणपोळीचे गोडवे गाणारे प्रवासी आम्हीहि वाचले आहेत. परंतु घरचा अभिमान बरोबर नेणें निराळें आणि घरचा प्रश्न बरोबर नेणें निराळें. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, त्या येथील स्त्रियांच्या स्थितीचा प्रश्न मनांत घेऊन. म्हणून तेथील शाळा, गृहव्यवस्था आणि स्त्रियांच्या संस्था त्यांस बारकाईनें दिसल्या, आणि १८८९ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें प्रवासवृत्त आजहि वाचावेंसें वाटतें. त्या काळच्या उपाहारगृहांचीं वर्णनें त्यांनीं केलीं असतीं, तर तीं आज कोणी उघडलीं असतीं?

तेव्हां लिमास जाणाऱ्या आमच्या तरुण मित्रांस एवढीच विनंती कीं, चौकाचें छायाचित्र अवश्य काढावें. पण एक सकाळ त्या टेकडीवर जावें, टँकरपाशीं उभ्या असलेल्या बाईस पाण्याचा भाव विचारावा, आणि तो येथें जतला येऊन सांगावा.